मालकाचा स्क्रू

गल्लीतले लोक तिला गवंडीण म्हणायचे. आधी चेष्टेने म्हणायचे, मग भिंती खांद्याच्या वर गेल्या तसे जरा जपून म्हणू लागले. दिवसभर ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची आणि संध्याकाळी प्लॉटवर येऊन विटा लावायची. पहिली भिंत तिने दोनदा पाडली, कारण ओळंबा सोडला की भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसायचं. तिसऱ्यांदा लावली ती अशी, की पलीकडचा सुतार मुद्दाम येऊन तिच्यावरून हात फिरवून गेला आणि एक शब्द बोलला नाही. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, त्याच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

नवरा, म्हणजे दोघा भावांतला थोरला, खाली बसून सिमेंट कालवायचा. त्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. चालताना तो पाय बाजूने गोल फिरवून पुढे टाकावा लागे आणि त्यापायी सगळं अंग एकदा इकडे, एकदा तिकडे झुकायचं. गल्लीत त्याला झिंग्या म्हणत. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की नवा पोस्टमनही झिंग्याचं घर कुठलं म्हणून विचारू लागला. खरं तर या माणसाला खोकल्याचं औषध दिलं तरी चढायचं. उभ्या जन्मात त्याने दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता.

झिंग्या व्हायच्या आधी तो मांजर होता. पत्रे टाकणाऱ्या टोळ्यांत त्याला तेच नाव होतं, कारण तो पत्र्यावरून चालला तर खालच्या माणसाला पत्ता लागत नसे. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला. स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारायचा, खोलगटात मारला तर पाणी आत येतं. स्क्रूखालचं रबर दाबायचं पण चिरडायचं नाही. वर चालायचं ते स्क्रूंच्या रेषेवरूनच, कारण तिथे खाली लोखंडी पाईप असतो. हे सगळं थोरल्याने त्याला हाताला धरून शिकवलं. आणि या सगळ्याच्या आधी शिकवली ती हाक.

टोळीचा नियमच होता तो. पत्रा नुसता ठेवला आणि स्क्रू मारायचे राहिले, की ठेवणाऱ्याने ओरडायचं, "कच्चा!" वर जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी उलट ओरडायचं, "कच्चा!" म्हणजे ऐकलं, तिथे कुणी पाय द्यायचा नाही. स्क्रू मारून झाले की ओरडायचं, "पक्का!" आणि याला मात्र बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याने उठून त्या पत्र्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं आणि मगच पक्का म्हणायचं. कितीही घाई असो, ठेकेदार खालून कितीही बोंब मारो, हे चुकवायचं नाही. उतारावरचा सुटा पत्रा दिसायला इतरांसारखाच दिसतो आणि माणसाला सोबत घेऊन घसरतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या छपरावर धाकट्याने पत्रा ठेवला, त्याच वेळी त्याचा फोन वाजला, आणि तो बोलत बोलत पलीकडच्या उतारावर निघून गेला. हाक दिली नाही. थोरला मांजराच्या पावलाने आला आणि पत्र्यासकट खाली गेला. तो शुद्धीवर यायच्या आत धाकट्याने ठेकेदाराला सांगून टाकलं होतं, "काय करणार साहेब, दादा आज सकाळीच लावून आला होता."

बस, एवढं एक वाक्य. त्या वाक्याने थोरल्याची भरपाई गेली, काम गेलं, नाव गेलं, आणि धाकट्याला थोरल्याची जागा मिळाली. शुद्धीवर आल्यावर थोरल्याने बायकोला एकदाच सांगितलं, "तो ओरडला नाही गं." पुन्हा विषय काढला नाही. ती काढायची. "गल्लीत उभे राहा आणि सांगा सगळ्यांना," म्हणायची. तो म्हणायचा, "झिंग्याचं कोण ऐकतंय? सोड." ती सोडणारी नव्हती. तिने तो राग घराच्या पायात भरला, भिंतीत भरला, आणि तरी तो उरलाच.

आता भिंती झाल्या, छपराच्या कैच्या उभ्या राहिल्या, पाईप बसले आणि पत्र्यांची वेळ आली, तेव्हा धाकटा स्वतःच्या पायांनी चालत आला. आता तो चार टोळ्यांचा ठेकेदार होता. नवी गाडी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात.

"वहिनी, दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही. दादाच्या घराचे पत्रे मी टाकणार. माझ्या हाताने, एकटा. माझ्याकडून घराला भेट समजा."

हे त्याने घरात नाही, गल्लीत उभं राहून, मोठ्याने सांगितलं. किराणा दुकानातल्या काकूंचे डोळे भरून आले. "भाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या. सायकलवाल्यानेही मान डोलावली. गवंडिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने पाय नेला तोच आता पुण्यही पदरात पाडून घ्यायला आला होता, तेही तिच्याच घराच्या छपरावर चढून.

ती हसून म्हणाली, "या की भाऊजी. तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?"

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. इतकी साळसूद ती लग्नाच्या दिवशीही नव्हती.

बेत तिच्या डोक्यात तिथेच शिजला. पत्रेवाल्यांत आणखी एक रीत असते. छपराचा शेवटचा स्क्रू मालकाने मारायचा. आढ्यावर, म्हणजे दोन्ही उतार जिथे मिळतात तिथे, पत्र्याची टोपी बसते. तिचा अगदी टोकाचा एक स्क्रू ठेवून देतात, मालक वर येतो, स्क्रूच्या मशीनचा खटका दाबतो, खाली लोक टाळ्या वाजवतात. मालकाला चढता येत नसेल तर त्याच्या वतीने भाऊ. इथल्या मालकाला चढता येत नव्हतं आणि भाऊ तर हौसेने नाचत होता. म्हणजे शेवटच्या स्क्रूसाठी आढ्याच्या मागच्या टोकाला, उजव्या हाताच्या शेवटच्या पत्र्यावर पाय कोण देणार, ते ठरल्यासारखंच होतं. त्या कोपऱ्याच्या खाली तिच्या पाडलेल्या भिंतींच्या फुटक्या विटांचा ढीग होता. उंची जवळजवळ त्या गोदामाएवढीच.

त्याने मरावं असं तिला वाटत नव्हतं. मेला तर सुटला. त्याने जगावं, भरपूर जगावं, आणि चालताना एकदा इकडे, एकदा तिकडे झुकावं. सायकलवाल्याने त्याचंही एक नाव पाडावं. एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिला मुळीच जास्त वाटत नव्हती.

धाकटा कामाला वाईट नव्हता, हे तिला दात-ओठ खात कबूल करावं लागलं. थोरल्याचा हात होता त्याच्या हातात. आधी दोन्ही कर्ण मोजून त्याने चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहिलं. रस्त्याकडून सुरुवात करून मागे मागे सरकत गेला. ती शिडीवर उभी राहून पत्र्याचं एक टोक धरायची आणि स्क्रू द्यायची. नवरा अंगणात खुर्ची टाकून, पाय पुढे ताठ करून बसलेला. तो वर बघायचाच नाही, नुसता ऐकायचा.

"तो स्क्रू तिरका गेला," तो खालून म्हणायचा.

"दादा, तुला दिसलं कुठून?"

"मशीन रडलं ना."

धाकटा स्क्रू काढून पुन्हा सरळ मारायचा आणि ओरडायचा, "पक्का!" त्याच्या जोडीला वर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मग स्वतःच त्यावर उभा राहायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. कच्च्याची हाक मात्र त्याने पूर्ण कामात दिली नाही. गरज पडेल असा पत्राच त्याने ठेवला नाही. प्रत्येक पत्रा ठेवला की लगेच पक्का. तो शब्द याच्या घशातून बाहेर पडत नाही, हे गवंडिणीने बरोबर ओळखलं.

डाव्यामागोमाग उजवा उतारही संपला. शेवटचा पत्रा शेजारच्या पत्र्याच्या कडेवर कड ठेवून बसला आणि पक्का झाला. दुपारी टोपी बसवायला घेतली तर तिचा शेवटचा तुकडा कमी पडला. "आलोच घेऊन," म्हणत धाकटा गाडी काढून गेला.

गवंडीण शिडी चढली. कमरेच्या पिशवीत पाना होता, सिलिकॉनची नळी होती आणि एक छोटा डबा. डब्यात स्क्रूंची नुसती डोकी होती. वाकडे झालेले, फुकट गेलेले स्क्रू तिने जमवून ठेवले होते आणि कटरने त्यांची मुंडकी उडवली होती. आढ्याला धरून ती मागच्या टोकाला गेली आणि शेवटच्या पत्र्याचे स्क्रू एकेक करून पान्याने काढू लागली. मशीन वापरलं असतं तर आवाज झाला असता. एक काढला की भोकावर सिलिकॉनचा ठिपका आणि ठिपक्यावर एक डोकं. रबरासकट. वरून बघणाऱ्याच्या बापालाही फरक कळला नसता. बटणं लावायची सवय असलेला हात होता तिचा, भराभर चालत होता.

"काय चाललंय वर?" खालून नवऱ्याचा आवाज आला.

"रबरं बघतेय, नीट बसलीत का."

कामाच्या बाबतीत ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, ऊन लागत असूनही सावलीत ओढून घेता न येणाऱ्या त्या पायाकडे, आणि उरलेली डोकी चिकटवून टाकली.

आता त्या पत्र्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ज्या स्क्रूने तो जागेवर राहिला असता तो एकच, टोपीचा टोकाचा, मालकाचा. आणि तो मारायचा तर आधी पत्र्यावर पाय द्यायला हवा.

धाकटा परतला तेव्हा ती विटांच्या ढिगाजवळ तोंड धूत होती. ऊन अजून चांगलंच तापलेलं होतं. त्याने टोपीचा तुकडा वर नेला आणि अलीकडच्या पक्क्या पत्र्यांवर बसून, हात लांबवून बसवला. शेवटचा स्क्रू ठेवून तो खाली आला, आणि गल्ली गोळा करायला लागला. याची तिला खात्री होतीच. लोक बघायला नसतील तर या माणसाला जांभईसुद्धा येत नसे. किराणावाल्या काकू आल्या, सुतार आला, सायकलवाला हात पुसत आला, समोरच्या खोल्यांतल्या बायका दारात उभ्या राहिल्या.

"चला," धाकटा म्हणाला, "शेवटचा स्क्रू राहिलाय. मालकाचा."

"तुम्हीच मारा भाऊजी," गवंडीण म्हणाली. "यांना कुठे चढवताय? यांच्या वतीने तुमचाच मान."

"छे छे!" त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. "वहिनी, अहो दादाचं घर आहे. दादाच्या घराचा स्क्रू मी मारू? मी काय एवढा हलकट आहे?" आणि गल्लीकडे वळून म्हणाला, "आज मी माझ्या भावाला वर नेणार. लागलं तर पाठीवर घेऊन नेणार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पुन्हा डोळे पुसले.

गवंडीण नवऱ्याकडे बघत राहिली. तो नाही म्हणेल, तिला वाटलं. जो माणूस गेली पाच-सहा वर्षं वर नजर उचलत नव्हता, तो कशाला हो म्हणेल? पण थोरल्याचा चेहरा एकदम उजळला होता. तो खुर्चीचे हात धरून उठला.

"पाठीवर नको," तो म्हणाला. "माझे हात चांगले आहेत."

"अहो, नको." ती पुढे आली. "उगाच कशाला? पाय घसरला बिसरला तर?"

"पत्र्यावर आयुष्य गेलं माझं. आज जाऊ दे मला."

त्याने शिडी धरली. शिडी रस्त्याकडच्या भिंतीला, आढ्याच्या टोकाशी लावलेली होती. तो हातांनी अंग वर ओढायचा, चांगला पाय टेकवायचा, ताठ पाय मागून आणायचा. मागून धाकटा मशीन घेऊन. लोक "शाबास, शाबास" करत होते. वर पोचल्यावर थोरला उजव्या उतारावर बसला, त्याने एका हाताने आढं धरलं आणि बसल्या बसल्या मागच्या टोकाकडे सरकू लागला. त्याच्या सरकण्याचा आवाजच येत नव्हता. सुतार म्हणाला, "मांजर ते मांजर."

हे नाव गल्लीत तिने पहिल्यांदाच ऐकलं.

"खाली या!" ती ओरडली. "पुरे झालं, खाली या!"

लोक हसले. "गवंडीण घाबरली," सायकलवाला म्हणाला. "स्वतः भिंतीवर चढते तेव्हा नाही घाबरत."

"अहो, ऐका माझं! या खाली!"

"आलोच गं," तो मागे न बघता म्हणाला.

आता पुढचाच पत्रा तो सुटा. धाकटा थोरल्याच्या मागे वाकून उभा होता, निवांत, पक्क्या पत्र्यावर. तिला काय सांगायचं होतं ते सगळं एका शब्दात मावत होतं, आणि तो शब्द बोलला की ती संपणार होती. गल्लीसमोर, दिरासमोर, नवऱ्यासमोर. थोरल्याने चांगला पाय उचलला आणि पुढे लांबवला.

"कच्चा!"

तिचा आवाज इतका मोठा निघाला की दारातल्या बायका मागे सरल्या.

थोरल्याचा पाय होता तिथून परत आला. त्याने विचार केला नसावा, अंगानेच केलं ते सगळं. तो पालथा झाला, हात पसरून पत्र्याला चिकटला, आणि त्याच्या छातीतून उलट हाक आली, "कच्चा!"

थोरला पडल्या पडल्या हात पुढे करून शेवटच्या पत्र्यावरचं एक डोकं नखाने ढकलून बघत होता. ते अलगद निघालं. त्याने ते बोटांत फिरवलं, खालून बघितलं, आणि मागे न बघता धाकट्याच्या हातात दिलं.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी," तो म्हणाला, "हा पत्रा मी पक्का केला होता. त्याच्यावर उभा राहिलो होतो मी."

"हो."

"मग हे काय?"

"मग मी कच्चा केला."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने दिराला अरे-तुरे केलं आणि तिला फार बरं वाटलं.

धाकटा गल्लीकडे वळला. "ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी? मी हिचं घर झाकायला आलो, आणि ही बाई माझा जीव घ्यायला निघाली होती! दादा, तुझाही गेला असता! अशी बाई आहे ही!"

सगळी गल्ली तिच्याकडे बघायला लागली. काकूंनी तोंडावर हात ठेवला होता.

"हो, निघाले होते," ती म्हणाली. "खोटं नाही बोलत. पण मी ओरडले. तू ओरडला नव्हतास."

"काय म्हणाली ती?" काकूंनी सुताराला विचारलं.

सुताराला टोळ्यांची रीत माहीत होती. तो वर बघत, जरा मोठ्यानेच म्हणाला, "पत्रा सुटा असला की हाक द्यायची असते. दिली नाही तर वरचा माणूस मरतो."

"काहीतरी बोलू नका!" धाकटा म्हणाला आणि तरातरा शिडीकडे निघाला. तो टोकाशी पोचायच्या आत गवंडिणीने शिडी भिंतीपासून ओढली आणि अंगणात आडवी टाकली.

"वहिनी! शिडी लावा!"

"लावते. आधी सांग."

"वर दादा आहे! त्याला तरी उतरू द्या!"

आता मात्र ती अडली. शिडी काढताना हा विचार तिने केलाच नव्हता. तिने वर पाहिलं. थोरला तोवर उठून बसला होता. खिशातलं फडकं काढून त्याने तापलेल्या पत्र्यावर अंथरलं, त्यावर नीट बूड टेकलं आणि ताठ पाय उताराच्या दिशेने सोडला.

"राहू दे गं शिडी," तो म्हणाला. "मला घाई नाही. किती दिवसांनी वर आलोय. वारा बरा आहे."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकट्याजवळ फडकं नव्हतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, मग बसला, चटका बसला तसा पुन्हा उठला. उडी मारावी तर उंची त्याला नेमकी माहीत होती. भावाच्या पायाचं त्या उंचीने काय केलं होतं, ते इतकी वर्षं बघत होता तो.

"दादा, तू तरी सांग हिला."

"झिंग्याचं कोण ऐकतंय?" थोरला म्हणाला. "तूच सांग."

धाकट्याने आधी अर्धं सांगितलं. गोदामावर फोन आला होता, म्हणाला. गडबड होती. माणसाच्या लक्षातून जातं.

"काय गेलं लक्षातून?" गवंडीण.

"हाक."

"मोठ्याने."

"हाक द्यायची राहिली! नाही ओरडलो मी! झालं समाधान?"

"नाही. दारूचं सांग."

पत्रा उन्हाने टिकटिक वाजत होता. धाकट्याने गल्लीकडे पाहिलं. तिथे आता एकही ओला डोळा नव्हता.

"तो प्यायला नव्हता," तो म्हणाला.

"मोठ्याने!"

"दादा प्यायला नव्हता! मी सांगितलं तसं ठेकेदाराला. माझं काम गेलं असतं. दादा कधीच पीत नव्हता!"

शब्द पत्र्यावरून गेले, समोरच्या भिंतीवर आपटले आणि सगळ्यांना दोनदा ऐकू आले. सायकलवाला आपल्या हातांचं काळं बघत उभा होता. पुसून पुसूनही ते जात नव्हतं. काकू म्हणाल्या, "अरे मेल्या!"

गवंडिणीने शिडी उचलून भिंतीला लावली. इतकी वर्षं या क्षणाची वाट बघितली होती आणि आता तिला वाटलं, हे अजून थोडं लांबायला हवं होतं. अजून थोडं भाजायला हवं होतं त्याला.

"मशीन ठेवून जा," थोरला म्हणाला.

धाकटा मशीन ठेवून उतरला. लोक बाजूला झाले. कुणी त्याला अडवलं नाही आणि कुणी त्याच्याशी बोललंही नाही. खांद्यावर हात ठेवायला समोर एकही खांदा उरला नव्हता. तो गाडीत बसला आणि गेला. हळूहळू बाकीचेही पांगले. सायकलवाला सगळ्यात शेवटी गेला.

"स्क्रू घेऊन वर ये," थोरल्याने हाक मारली.

ती चढली. त्याच्यापाशी जाऊन बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, नुसता हात पुढे केला, आणि ती त्यात एकेक स्क्रू देत राहिली. आधी वरची ओळ, मग सरकत सरकत खालच्या. चिकटवलेली डोकी तो नखाने उडवत होता आणि ती उतारावरून घरंगळत खालच्या विटांवर पडत होती. प्रत्येक डोकं पडलं की तिला ते ऐकू यायचं. शेवटी टोपीचा टोकाचा एकच स्क्रू उरला. मालकाचा. तो त्याने मारला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही चढाल असं मला वाटलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी खरंच तुमच्यासाठी..."

"पक्का!" तो मध्येच ओरडला. आणि मशीन बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. याला बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं नसतं.

स्क्रू तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. प्रत्येक स्क्रू तिनेच दिला होता. पत्रा आता हत्ती नाचवला तरी हलणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिचा पाय उचलत नव्हता. खाली विटांचा ढीग होता. त्या उंचीवरून तो कसा दिसतो हे तिने दुपारी पाहिलंच नव्हतं. तेव्हा ती फक्त भोकं बघत होती. तिने त्याचा हात शोधला. त्याने हात दिला नाही. दोन्ही हात त्याने मांडीवर घट्ट ठेवले होते.

ती उठली. एक पाय ठेवला. मग दुसरा. पत्रा तळव्यांना भाजत होता, आणि खालची प्रत्येक फुटकी वीट तिला वेगळी दिसत होती.

"पक्का," ती म्हणाली. ओठ हलले, आवाज जेमतेम निघाला.

"मोठ्याने," थोरला म्हणाला.